हेअर रॅप सारखा घसरतो, सुटतो? दोष शेंड्याला नाही, मुळाशी शोधा

गोव्याहून करून आणलेला हेअर रॅप महिनाभर जागचा हलत नाही आणि घरी तसाच बटेवर रंगीत दोरा गुंडाळून केलेला चार दिवसांत लोंबायला लागतो, ही तक्रार मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी आली की माझ्याकडे ठरलेली. मी कोल्हापुरात राजारामपुरीत साड्यांचं फॉल-पिको आणि पदराचे गोंडे करते. दोऱ्याचं काम जाणते म्हणून गल्लीतल्या मुली हेअर रॅप करून घ्यायला येतात, आणि घरी स्वतः केलेला बिघडला की तो दाखवायलाही येतात. "मावशी, रात्री चांगला आवळून झोपलो, सकाळी बघतोय तर निम्मा खाली आलाय की ओ!" एखादीच्या तर अख्खा रॅपच हातात असतो, आत केस नाहीत, नुसती रंगीत नळी.

या सगळ्याजणी एकच उपाय करून आलेल्या असतात. खालची गाठ आणखी आवळायची. एका गाठीवर दुसरी, तिच्यावर रबर, वरून नेलपेंट. तरी रॅप घसरतोच. कारण दुखणं शेंड्याला नाहीच, ते मुळाशी आहे, टाळूपासूनच्या पहिल्या दीड-दोन इंचांत. तिथली सुरुवात पक्की असेल तर खालची गाठ साधी असली तरी चालून जातं. तिथे ढिलाई राहिली तर खाली काहीही करा, उपयोग शून्य.

आधी बघा, घसरलाय की सुटलाय

"ढिला झाला" असं सगळ्याच म्हणतात, पण त्यात वेगवेगळे बिघाड असतात आणि त्यांचे उपायही वेगळे. आरशात बघून कळत नाही, दुसऱ्या कुणाला तरी टाळूपाशी बघायला सांगा. केला त्या दिवशी टाळू आणि पहिला वेढा यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढी जागा होती आणि आता तिथे आडवं बोट मावतंय, खालचा गोंडा मात्र जसाच्या तसा आहे, तर रॅप घसरलाय. वरची जागा तेवढीच आहे पण शेंड्याकडून वेढे उलगडून दोरे लोंबतायत, तर तो सुटलाय. आणि दोन्ही टोकं जागेवर दिसतात, पण मधे चिमटीत धरून फिरवला तर रॅप केसांभोवती गोल फिरतो, तर आत पोकळी आहे. असा रॅप आज ना उद्या घसरणारच.

एक गोष्ट मात्र बिघाडात धरू नका. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. महिन्याने रॅप अर्धा इंच खाली दिसला तर तो घसरलेला नाही, केस वाढलेत. चांगला बसलेला रॅप केवळ एवढ्यासाठी उसवणाऱ्या मुली मी बघितल्यात आणि मला दर वेळी वाईट वाटतं.

माझ्याकडे येणाऱ्यांत बहुतेक घसरलेलेच असतात, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर.

केस स्वतःच त्याला खाली सोडतात

डोक्यावरचा एक लांब केस चिमटीत धरा आणि मुळाकडून शेंड्याकडे बोटं ओढा. गुळगुळीत जातात. आता शेंड्याकडून मुळाकडे ओढा. किंचित खरखरीत लागेल, बोटं अडतील. केसाच्या बाहेरच्या थरावर बारीक खवले असतात, कौलारू छपरावर कौलं बसवावीत तसे एकावर एक, आणि त्यांची मोकळी कड शेंड्याकडे असते. त्यामुळे केसाला धरून बसलेल्या कोणत्याही वस्तूला खाली जायला वाट मोकळी आणि वर जायला अडथळा.

त्यात आणखी एक. बट खाली निमुळती होत जाते. वरच्या जाड भागावर घट्ट बसलेला वेढा बोटभर खाली आला की त्याच्या आत आता पूर्वीपेक्षा कमी जाडीची बट असते. म्हणजे दोरा सुटलेला नसतानाही वेढा सैल होतो. सैल झाला की आणखी घसरतो, आणखी बारीक भागावर जातो, आणखी सैल होतो. म्हणून घसरण एकदा सुरू झाली की मधे थांबत नाही. आणि शेंड्याची ती तीन-तीनदा आवळलेली गाठ? ती घसरत घसरत केसांच्याही पलीकडे जाते आणि नुसत्या दोऱ्यावर बसून राहते. तिला धरायला खाली केसच उरत नाहीत.

हे लक्षात आलं की उपाय आपोआप सुचतो. दोरा केसांच्या भोवती असून भागत नाही, तो केसांच्या आरपार जायला हवा, आणि तोही अगदी वर.

तेल

आपल्याकडे मुलीच्या डोक्याला तेल नाही असा आठवडा जात नाही. खोबरेल लावून घट्ट वेण्या घालून शाळेला पाठवायची सवय चांगलीच आहे, मी ती सोडायला सांगत नाही. पण त्याच केसांवर दुसऱ्या दिवशी हेअर रॅप करायला बसलात तर तो टिकणार नाही. खोबरेल नुसतं केसांवर राहत नाही, आतही मुरतं, आणि रात्रभर ठेवलेलं तेल एका धुण्यात पुरतं निघत नाही. वरून केस कोरडे वाटतात, चिमटीत बट घेऊन चोळली की बोटं सरकतात.

रॅप करायच्या आदल्या दिवशी केस शांपूने दोन वेळा धुवा. शिकेकाई-रिठ्याने धुवत असाल तर तेही चांगलं, उलट त्याने केस जरा राठ होतात आणि आपल्याला तेच हवंय. कंडिशनर आणि सीरम त्या दिवशी बाजूला ठेवा, त्यांचं कामच केस निसरडे करण्याचं आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर केलेला रॅप टिकतो त्यातलं निम्मं श्रेय खाऱ्या वाऱ्याला आहे. समुद्रात डुंबून वाळलेले, बिनतेलाचे, राठ झालेले केस असतात, दोरा त्यांना धरून बसतो. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात बसणाऱ्या बायकांचा सराईत हात हे उरलेलं निम्मं.

धुतलेले केस पूर्ण वाळू द्या. ओलसर केसांवर दोरा छान बसल्यासारखा वाटतो, म्हणून पुष्कळजणी मुद्दाम पाणी लावून करतात. पण ओला केस पाणी पिऊन फुगतो, जाडीत साधारण १४ ते १६ टक्के. फुगलेल्या केसावर घट्ट बसवलेला दोरा केस वाळला की तेवढाच सैल पडणार. आत पोकळी असलेले, गोल फिरणारे रॅप बहुधा असेच ओल्या केसांवर केलेले असतात. दमट दिवसांत केस वाळले की नाही कळत नसेल तर त्या बटेला चिमूटभर टाल्कम पावडर चोळा आणि झटकून टाका, उरलासुरला ओलावा आणि तेल ती ओढून घेते.

सुरुवात

आता मुख्य काम. बट कानाच्या मागून, दाट केसांतून घ्या. मुळाशी अंगठ्याच्या नखाएवढा चौकोन पुरतो. करंगळीच्या नखाएवढा घेतला तर केस कमी पडतात, दोऱ्याचं वजन त्यांना पेलत नाही आणि ताणही प्रत्येक केसावर जास्त येतो. बाकीचे केस मधे येऊ नयेत म्हणून जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला कडेपासून मधोमध चीर द्या, मधे लहान भोक करा आणि बट त्यातून ओढून घ्या. कागद टाळूवर सपाट बसतो, आजूबाजूचा एकही केस दोऱ्यात अडकत नाही.

या बटेची आधी वेणी घालायची. सुट्या केसांवरच दोरा गुंडाळायला जाऊ नका. नायजेरियातल्या योरुबा बायका इरुन किको नावाच्या पद्धतीत सुट्या बटेवर मुळापासून काळा दोरा गुंडाळतात आणि तो बसतो, कारण त्यांचे केस घट्ट कुरळे असतात, केसच दोऱ्याला पकडून ठेवतात. आपल्या सरळ केसांत ती पकड नाही. वेणीचे उंचवटे ती पकड देतात.

आणि वेणीत एक काळा दोरा घाला. या एका दोऱ्यावर पुढचं सगळं उभं राहतं, म्हणून सावकाश वाचा. काळ्या सुती दोऱ्याचा एक तुकडा घ्या, केसांच्या लांबीच्या तिप्पट. त्याचा मध्य बटेच्या मागे टाळूजवळ धरा, दोन्ही टोकं पुढे आणून बटेला साधी दुहेरी गाठ मारा. गाठ टाळूला चिकटवू नका, तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडा. आता बटेचे तीन पेड करा, काळ्या दोऱ्याचं एक टोक एका पेडाला, दुसरं टोक दुसऱ्या पेडाला द्या आणि दोऱ्यासकट वेणी घालत शेवटपर्यंत जा. केस संपले तरी उरलेल्या दोऱ्यांना तात्पुरती गाठ मारून ठेवा. आता मुळाशी मारलेली गाठ एकटी राहिली नाही. तिची दोन्ही टोकं वेणीत विणली गेलीत, तिला घसरायचं तर अख्खी वेणी घेऊन घसरावं लागेल. पूर्वी आगवळ, म्हणजे वेणीत गुंफायचा दोरा, घालून वेणी घालायच्या त्या बायकांना हे सांगावं लागलं नसतं, पेडात गुंफलेला दोरा हलत नाही हे त्यांच्या रोजच्या हाताखालचं होतं.

मग रंगीत दोरे. प्रत्येक रंगाचा दोरा मधोमध दुमडा. बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई घ्या, लोकरीच्या भरतकामाला वापरतात ती. दुमडलेलं टोक सुईत ओवून वेणीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पेडाच्या फटीतून आरपार काढा, तयार झालेल्या फासातून दोऱ्याची मोकळी टोकं ओढून घ्या आणि आवळा. दुसरा रंग त्याच्या शेजारच्या फटीतून. असं केलं की दोरा वेणीच्या पेडांत अडकतो. वेढा कितीही सैल झाला तरी ही अडकण सुटत नाही.

पहिला अर्धा इंच नुसतं गुंडाळू नका. तिथे अर्ध्या गाठी हव्यात. ज्यांनी शिवणकामात काजटाका घातलाय त्यांच्या हाताला ही गाठ ओळखीची आहे: दोरा वेणीवरून आडवा न्यायचा, मागून फिरवून आणायचा, तयार झालेल्या फासातून काढायचा आणि वर टाळूकडे ढकलत आवळायचा. प्रत्येक गाठ आधीच्या गाठीला खालून टेकली पाहिजे, मधे केस दिसता कामा नये. सगळ्या गाठी एकाच बाजूने मारत गेलात तर त्यांची कड वेणीभोवती मळसूत्रासारखी फिरते आणि वेणीला पीळ बसतो. काही गाठी उजवीकडून, काही डावीकडून मारा, पीळ निघून जातो.

अर्ध्या इंचानंतर साधं गुंडाळायला हरकत नाही, काम भराभर होतं. पण अंगठ्याच्या रुंदीएवढं गुंडाळून झालं की दोन अर्ध्या गाठी, रंग बदलताना दोन अर्ध्या गाठी. आणि दर दीड-दोन इंचांवर चालू दोरा सुईत ओवून एकदा वेणीतून आरपार काढा. याने रॅपचे तुकडे पडतात, एखादा तुकडा सैल झाला तरी त्याची ढिलाई पुढच्या तुकड्यात जात नाही.

ताण कुणाला द्यायचा

इतकं करूनही रॅपमधे फटी पडत असतील, केस डोकावत असतील तर हात बघायला हवा. घरी करताना वेणी सैल सोडलेली असते आणि ओढला जातो दोरा. व्हायला हवं उलट. वेणी ताठ, दोरा तिच्यावर शांतपणे बसवलेला.

गुजरीत, आमच्या सराफांच्या पेठेत, साज गाठवून देणाऱ्या पटवेकऱ्याचं काम कधी उभं राहून बघा. २१ पानांचा साज काय किंवा मंगळसूत्र काय, मधला मुख्य दोरा तो आधी ताणून घेतो. पूर्वापार हे कारागीर पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसत आलेत. मग त्या ताठ दोऱ्यावर रेशमाचे वेढे असे बसतात की नख घालायला जागा राहत नाही. वेढे घालताना त्याचा हात जोर करताना दिसत नाही, जोर सगळा त्या ताणलेल्या दोऱ्यात असतो.

आपल्याला अंगठा नको, मुलीलाच तिच्या वेणीचं टोक हातात धरून हलकं ओढून बसायला सांगा. लहान मुलगी असेल तर ती कंटाळून सोडून देते. अशा वेळी कपडे वाळत घालायच्या चिमट्याने वेणीचं टोक तिच्या फ्रॉकच्या कडेला लावा. ताण हलका हवा, टाळूची कातडी वर उचलली गेलेली दिसली तर तो जास्त झाला.

दोरा कोणता

भरतकामाची सहा पदरी सुती लडी. माझं मत विचाराल तर दुसरं काही घेऊच नका. एका लडीत साधारण ८ मीटर दोरा येतो आणि पदर सुटे न करता सहाच्या सहा तसेच वापरायचे. बांगड्यांना गुंडाळायचा चकचकीत रेशीम दोरा दिसतो सुंदर, पण तो बहुतेक रेयॉनचा असतो, केसांवर तोही घसरतो आणि ओला झाला की त्याची ताकद कमी होते. सुती दोऱ्याचं नेमकं उलट, भिजला की तो अधिक मजबूत होतो. लोकर ताणली जाते आणि ताण सोडला की आखडते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. शिवणयंत्राचा बारीक दोरा केसांना कापतो. जरीची तार केसांना घासते, ती हवीच असेल तर वरच्या वर एखादा वेढा, बस.

किती दोरा लागेल याचा माझा हिशेब सोपा आहे: एक इंच रॅपला एक हात दोरा. आतल्या दोऱ्यांसकट वेणीची जाडी पाच-सहा मिलिमीटर असते, एका इंचात पंचवीसेक वेढे बसतात, ते सव्वा-दीड फूट दोरा खातात. बारा इंची रॅपला तीन रंग घेत असाल तर प्रत्येकाचा ३ मीटरचा तुकडा कापा. दुमडून तो दीड मीटरचा होतो आणि दोन्ही पदर एकदम गुंडाळता येतात. मधे दोरा संपला म्हणून जोड दिला की तो जोड हटकून पहिल्यांदा सुटतो.

गडद लाल, निळा आणि काळा रंग आधी तपासा. दोऱ्याचं टोक कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कपड्यावर घासा. रंग लागला तर ती लडी बाजूला काढा. मिठाच्या नाहीतर व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून असा रंग पक्का होत नाही, मुलीच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टवर पहिल्या पावसात उतरतो.

सुटत असेल तर

शेंड्याकडून उलगडणारा रॅप दुरुस्त करायला सोपा आहे. गाठ केसांवर मारू नका, केस संपल्यावर दोऱ्यावर मारा. लेयर कट असेल तर बटेतले केस वेगवेगळ्या लांबीवर संपतात आणि खालच्या भागात वेणीत केस कमी, दोराच जास्त असतो. तिथे आपला काळा दोरा कामाला येतो, केस संपले तरी वेणी त्याच्या जोरावर पुढे जाते. केसांच्या टोकापुढे आणखी एक इंच नुसत्या दोऱ्यांवर वेढे घाला, मग सगळे दोरे एकत्र घेऊन एक गाठ, खाली बोटभर गोंडा. मणी घालायचे तर महाद्वार रोडवर हवे तेवढे मिळतील, पण लाकडी किंवा प्लॅस्टिकचे हलके घ्या. धातूचे घुंगरू आणि जाड कवड्या दिवसभर वेणीला खाली खेचत राहतात.

गोंद नको. फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद तर अजिबात नको. त्यातलं सायनोअॅक्रिलेट सुती दोऱ्यावर पडलं की इतकं तापतं की चटका बसून फोड येतो. आणि टोकं जाळून पक्की करायचा प्रकार सिंथेटिक दोऱ्याचा, सुती दोरा वितळत नाही, पेटतो. डोक्याजवळ काडी न्यायचीच नाही.

आधीच घसरला असेल तर

आडव्या बोटाएवढाच घसरला असेल तर सगळा उसवायची गरज नाही. नवा दोरा दुमडा, सुईने टाळूजवळच्या मोकळ्या केसांतून दोन वेळा, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून, आरपार काढा आणि तिथून अर्ध्या गाठी मारत खाली या. जुन्या रॅपवर अर्धा इंच चढा आणि सुई जुन्या रॅपच्या पोटातून तीन-चार वेळा काढून दोरा कापून टाका. वेगळा रंग घेतला तर मुद्दाम केल्यासारखाच दिसतो. आत वेणी नसल्यामुळे हा जोड मूळ सुरुवातीइतका पक्का नाही, एखादा सण किंवा लग्न निभावून नेतो. त्याहून जास्त घसरला असेल तर उसवा आणि पहिल्यापासून करा, जोडत बसण्यात वेळ जातो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे रॅप करण्यात शहाणपण नाही असं माझं मत आहे. हट्टच असेल तर आखूड करा, चार-पाच इंचांचा. सुती दोरा पाणी धरून ठेवतो, आतली वेणी दिवस दिवस ओली राहते, वास मारते, टाळूला खाज सुटते, आणि भिजलेल्या रॅपचं वजन पुन्हा खाली खेचतंच. भिजला तर टॉवेलमधे दाबून पाणी काढा, पिळू नका. ड्रायर गार हवेवर ठेवून वाळवा, ओल्या रॅपवर झोपू नका. केस धुताना पाण्यात कालवलेला शांपू बोटांनी टाळूला लावा, रॅपला चोळू नका. तेल लावायचंच तर रॅपची बट बाजूला धरून बाकीच्या डोक्याला.

दुखत असेल तर थांबा

पहिल्या रात्री थोडं जाणवणं वेगळं आणि दुखणं वेगळं. टाळूवर लाल पुळ्या आल्या, बटेच्या मुळाशी कातडी ताणून उभी राहिली, मुलगी त्या कुशीवर झोपत नाही, तर रॅप कितीही देखणा झाला असला तरी काढा. केसांना सतत ओढ बसली की तिथले केस गळून पडतात हे डॉक्टरांनी १९०७ साली ग्रीनलंडमधल्या बायकांच्या घट्ट बांधलेल्या केसांवरून लिहून ठेवलंय. मुलींना रॅप पुढे, कपाळाच्या कडेला हवा असतो, गालाशी रुळणारा. तिथले केस बारीक आणि नाजूक असतात, तिथे मी कुणाच्याही हट्टाला करून देत नाही. कानामागून घेतलेली बट पुढे आणली की तशीच दिसते.

महिना, फार तर दीड महिना झाला की रॅप काढावा. आधी गोंडा आणि खालची गाठ कापा, मग सुईच्या बोथट टोकाने एकेक वेढा उलगडत वर या. घाई करून कात्री बटेच्या लांबीत चालवू नका, दोऱ्याबरोबर केस जातील. वेणी सुटली की बटेतून केसांचा पुंजका निघतो आणि तो बघून आया घाबरतात. रोज ५० ते १०० केस प्रत्येकाचे गळतातच, बटेत चारशे-पाचशे केस असतील तर त्यांपैकी आठ-पंधरा महिनाभरात गळायचेच होते. एरवी ते कंगव्यात गेले असते, इथे दोऱ्यात अडकून राहिले. त्याहून बरेच जास्त दिसले, किंवा मुळाशी विरळ जागा दिसली, तर पुन्हा रॅप करू नका.

बट मोकळी झाली की तिला तेल लावा, आता लावायला काहीच हरकत नाही, आणि दोन-तीन आठवडे मोकळी राहू द्या. पुढचा रॅप दुसऱ्या कानामागे करा.